प्रवासाचे प्रश्न : घरचे पंधरा जण, उत्तरेची क्रूझ आणि बोट कुठली घ्यायची?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही देवगडचे, हापूसच्या बागा आहेत. घरातले आणि मुंबई-पुण्याचे धरून आम्ही पंधरा जण एकत्र फिरायला जायचं ठरवतोय. सासूबाई ८२ वर्षांच्या, त्यांच्यासोबत आत्या, आम्ही चार जोडपी आणि पाच मुलं, सगळ्यात मोठा १७ चा नि धाकटी ३ वर्षांची. सगळ्यांना बर्फाचे डोंगर बघायचेत, पण सासूबाईंना गुडघ्यामुळे फार चालवत नाही म्हणून क्रूझचा विचार आला. दीर म्हणतात अलास्का, जाऊबाई म्हणतात नॉर्वे, आणि एजंट म्हणतो सगळ्यात मोठी बोट घ्या, मुलं खूश होतील. सासूबाईंनी लहानपणी रामदास बोट बुडाल्याचं ऐकलेलं आहे, त्या म्हणतात "माका बोटीत बसूचा नाय". जेवणात आम्ही मासे खातो पण सासूबाई आणि आत्या शाकाहारी. बोट कशी निवडायची, आणि जायचं तरी कुठे?
– एक वाचक, देवगड

उत्तर : प्रश्न छान सविस्तर लिहिलात, त्यामुळे उत्तरही मोकळेपणाने देते. आधी कधी जाता येईल ते बघू, कारण त्यावरच निम्मं ठरतंय. तुमचा हंगाम मे संपेपर्यंत, मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, तेव्हा घर सोडून कोण जाणार. म्हणजे हातात राहतात ते मे अखेर ते १२-१३ जून एवढेच दिवस. आणि नॉर्वेसाठी याच्याइतके चांगले दिवस वर्षभरात नाहीत, कारण तेव्हा डोंगरमाथ्यावरचा बर्फ वितळत असतो, धबधबे भरभरून वाहतात आणि रात्री अकराला सुद्धा बाहेर उजेड असतो. तेच ऑगस्टात गेलात तर गैरांगरच्या फ्योर्डमधला (फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी) प्रसिद्ध सात बहिणींचा धबधबा बराच रोडावलेला दिसतो.

अलास्का वाईट आहे असं अजिबात म्हणणं नाही माझं. मे ते सप्टेंबर तिकडचा सीझन, हिमनद्या बोटीतून इतक्या जवळून दिसतात की बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो त्याचा आवाज डेकवर ऐकू येतो, हंपबॅक देवमासे दिसतात, आणि जुनोसारखं गाव आहे जिथे रस्त्याने जाताच येत नाही, फक्त बोटीने नाहीतर विमानाने. हबर्ड ग्लेशियरची समुद्राकडची भिंतच जवळजवळ १० किलोमीटर रुंद आहे. ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ बोटी सोडतात, त्यामुळे तिकडे जायचं असेल तर बोटीच्या कार्यक्रमात हे नाव स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघून घ्यायचं, नुसतं "ग्लेशियर दर्शन" लिहिलंय यावर जायचं नाही.

पण तुमची अडचण व्हिसाची आहे. सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या बोटी सुद्धा कॅनडात कुठेतरी थांबतात, बहुतेक व्हिक्टोरियाला, कारण अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन मधे परदेशी बंदर न करता परत अमेरिकेतच सोडता येत नाही, आणि बहुतेक सगळ्या क्रूझ बोटी परदेशी झेंड्याच्याच असतात. म्हणजे भारतीय पासपोर्टवर अमेरिका आणि कॅनडा असे दोन्ही व्हिसे, पंधरा जणांचे तीस. त्यात अमेरिकेच्या व्हिसासाठी २०२५ पासून अगदी लहान मुलं आणि ऐंशीच्या घरातल्या माणसांनाही साधारणपणे मुलाखतीला जावंच लागतं, पूर्वीची सूट गेली. सासूबाईंना देवगडहून मुंबईला बीकेसीत नेऊन रांगेत उभं करायचं आणि पंधरातल्या एकाला जरी तारीख मिळाली नाही तरी सगळ्यांचं अडायचं, हे मला तुमच्यासाठी पटत नाही. ज्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आधीच आहे त्यांनी खुशाल अलास्का करावं.

नॉर्वेला एकच शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, पुरतो, अट एवढीच की बोट युरोपातल्या शेंगेन बंदरातून निघायला हवी. हॅम्बुर्ग, कील, कोपनहेगन, रॉटरडॅम चालेल. साउदॅम्प्टन किंवा डोव्हरहून निघणारी स्वस्त दिसली तरी घेऊ नका, तिला यूकेचा वेगळा व्हिसा लागतो आणि शेंगेनही मग बहुतेक वेळा मल्टिपल एंट्री, म्हणजे एकदा बाहेर पडून परत आत येता येईल असा, लागतो. शेंगेनची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, म्हणजे जूनसाठी डिसेंबरपासून, आणि तुम्ही जानेवारीतच उरका, कारण मार्चनंतर तुमच्याकडे आंबापेट्यांची घाई आणि व्हिसा सेंटरला सुट्टीवाल्यांची गर्दी. बोटांचे ठसे बारा वर्षांखालच्या मुलांना द्यावे लागत नाहीत. सासूबाईंचा पासपोर्ट आत्ताच काढून बघा, आपल्याकडे जुन्या माणसांच्या कागदांवर माहेरचं नाव, सासरचं नाव, जन्मतारीख यांचा मेळ नसतो आणि ते निस्तरायलाच वेळ जातो.

आता बोट. एजंटने सांगितलेलं "मोठं कुटुंब म्हणजे मोठी बोट" हे मला मान्य नाही. सहा हजार माणसांच्या बोटीवर घसरगुंड्या, गेम, दुकानं सगळं असतं पण त्या बोटी आतल्या बाजूला तोंड करून बांधलेल्या असतात, मधोमध बाजारपेठ आणि बाहेरचा समुद्र बघायला कडेकडेने थोडी जागा. गोव्याला किंवा सिंगापूरला जाताना ते चालतं. इथे तुम्ही जाताय तेच मुळी बाहेर बघायला. जूनमध्ये सुद्धा फ्योर्डमध्ये १०-१५ डिग्री तापमान, त्यात वारा आणि मधूनच पाऊस, बर्गन तर पावसासाठीच प्रसिद्ध. अशात ८२ वर्षांच्या बाईला उघड्या डेकवर किती वेळ उभं करणार? म्हणून बोट निवडताना पहिला प्रश्न हा विचारा की पंधराच्या पंधरा जण, आतून, गरम जागी, काचेमागे बसून, सोबत फ्योर्ड बघू शकतील अशी जागा बोटीच्या पुढच्या टोकाला आहे का. ती असेल तर बाकीच्या शंभर सोयी नसल्या तरी चालतील. सासूबाई शाल घेऊन खुर्चीत, मुलं जमिनीवर पत्ते मांडून, कुणीतरी चहा आणतंय आणि समोर कडा सरकतोय, हे जमलं तरच पंधरा जणांनी एकत्र गेल्याचा उपयोग, नाहीतर दिवसभर प्रत्येक जण बोटीच्या वेगळ्या मजल्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "कुठे आहात" चालू राहणार.

या हिशेबाने मला तुमच्यासाठी हॉलंड अमेरिका कंपनीच्या मधल्या आकाराच्या बोटी आवडतात, साधारण २६०० प्रवाशांच्या. निउ स्टॅटनडॅम आणि रॉटरडॅम (बंदराच्याच नावाची बोट) या एकाच घडणीच्या आहेत. वर पुढे क्रोज नेस्ट नावाचा मोठा काचेचा हॉल आहे आणि खाली बोटीला पूर्ण फेरी मारता येईल असा डेक आहे. मुलांचा क्लब आहे पण लहान आहे, हे आधीच सांगून ठेवते. तुमच्या तिघा-चौघा मुलांना रोज धांगडधिंगाच हवा असेल तर एमएससी किंवा कोस्टाच्या कील-हॅम्बुर्ग बाजूच्या बोटी बघा, त्या मुलांसाठी जास्त चांगल्या आणि बहुतेक वेळा स्वस्तही. आयडा कंपनीच्या बोटी स्वस्तात दिसतील पण तिथला सगळा कारभार जर्मनमध्ये, घोषणा सुद्धा, म्हणून नको. आणि कुणी व्हायकिंग सुचवलं तर त्यांच्या बोटींवर १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. हुर्टीग्रुटेन १८९३ पासून चालणारी, आता बर्गन ते किर्केनेस जाणारी किनाऱ्यावरची नेहमीची बोट आहे, ३४ बंदरं घेते, निसर्ग बघायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण मुलांना करायला काहीच नाही आणि कित्येक बंदरात जेमतेम अर्धा तास थांबते, त्यामुळे ती तुम्ही दोघंच कधीतरी जाल तेव्हासाठी ठेवा.

रॉटरडॅमहून निघणारी बोट घेतली तर मुंबई-ॲमस्टरडॅम थेट विमान आहे आणि पुढे ट्रेनने तासाभराच्या आत रॉटरडॅम. मात्र बोटीच्या आदल्या दिवशीच पोचा, विमान उशिरा आलं म्हणून बोट कुणासाठी थांबत नाही. कंपन्यांची वेळापत्रकं दरवर्षी बदलतात म्हणून तुमच्या तारखांना कुठली बोट कुठून निघतेय ते बघूनच पक्कं करा.

सात रात्रींच्या कार्यक्रमात मला गैरांगर आणि फ्लॉम ही दोन्ही नावं हवीत. गैरांगरफ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फ्लॉमला जाताना बोट सोग्नेफ्योर्डमधून जाते, तो २०० किलोमीटरहून लांब आणि एक किलोमीटरपेक्षा जास्त खोल. फ्लॉमला स्टेशन बोटीच्या धक्क्याजवळच आहे, तिथून जी रेल्वे निघते ती २० किलोमीटरात ८६६ मीटर वर चढते, सासूबाईंना बसल्या जागी बर्फाचे डोंगर दिसतील. या रेल्वेची पंधरा तिकिटं एका डब्यात हवी असतील तर बोटीचं बुकिंग झालं की लगेच घ्या. गैरांगरला बोट आत कधी जाते आणि बाहेर कधी पडते ती वेळ एजंटकडून लिहून घ्या. पुष्कळ बोटी पहाटे पाच-सहाला आत शिरतात तेव्हा तुमची मुलं झोपलेली असणार, म्हणून संध्याकाळी बाहेर पडतानाचा तास-दीड तास सगळ्यांनी मोकळा ठेवायचा, त्या वेळेला जेवणाचं टेबल लावून घ्यायचं नाही. सात बहिणींचा धबधबा, त्याच्या समोरचा, लग्नाची मागणी घालणारा म्हणतात तो धबधबा, कड्यावर लटकलेली जुनी शेतघरं, सगळं याच वाटेवर. मध्यरात्रीचा सूर्य मात्र या कार्यक्रमात दिसत नाही, तो आर्क्टिक सर्कलच्या वर, त्यासाठी नॉर्थ केपपर्यंत जाणारा दहा-बारा रात्रींचा कार्यक्रम लागतो आणि तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत.

केबिनचं गणित असं मांडा. सासूबाई आणि आत्यांना रुंद दाराची, न्हाणीघरात धरायला दांडे असलेली अ‍ॅक्सेसिबल केबिन, ती मोजकीच असते म्हणून सगळ्यात आधी तीच बुक करायची. तिच्याजवळ थोरल्या दीर-जावेची बाल्कनीची केबिन, आणि तिला लागून आणखी एक बाल्कनीची. पुष्कळ बोटींवर शेजारच्या दोन बाल्कन्यांमधलं पार्टिशन केबिन बघणाऱ्या माणसाला सांगितलं की तो उघडून देतो, मग एक लांब गॅलरी मिळते आणि चहा तिथेच घेता येतो. बाकीच्यांना समोरच्याच पॅसेजमध्ये बिनखिडकीच्या इनसाइड केबिन घ्या. एक तर त्या बऱ्याच स्वस्त, आणि रात्री अकराला उजेड असताना तीन वर्षांच्या पोरीला झोपवायचं तर अंधारी खोलीच बरी. एका केबिनमध्ये तिसरं-चौथं माणूस कमी भाड्यात बसतं पण तशा केबिन लवकर संपतात. सतरा वर्षांच्या मुलाला वेगळी केबिन हवी असेल तर कंपनीचे नियम विचारा, अल्पवयीन मुलं आईवडिलांच्या शेजारच्या किंवा आतून दार असलेल्या केबिनमध्येच ठेवायची परवानगी असते. "गॅरंटी" नावाचं स्वस्त भाडं घेऊ नका, त्यात केबिन कंपनी ठरवते आणि पंधरा जण दहा मजल्यांवर विखुरतात. एजंट ग्रुप रेट म्हणत असेल तर नीट विचारा, बऱ्याच कंपन्यांना त्यासाठी आठ केबिन लागतात आणि तुमची सहा-सातातच सोय होतेय.

भाड्यात काय येत नाही तेही कागदावर घ्या. सर्व्हिस चार्ज म्हणून माणशी रोजचे पैसे वेगळे लागतात. १५ युरो धरले तरी पंधरा जणांचे सात दिवसांचे १५७५ युरो होतात, आणि हे घरून निघताना कुणी सांगत नाही. वायफाय, कोल्डड्रिंक, किनाऱ्यावरच्या सहली सगळं वेगळं. एजंटकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर, कापतील, तो रिटर्न भरताना जमा दाखवून घ्या. विमा शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण सासूबाईंच्या बीपी-गुडघ्याचा आधीपासूनचा आजार त्यात धरलाय का हे वाचा, बोटीवरचा डॉक्टर फार महाग पडतो.

जेवणाचं फार अवघड नाही. बुकिंग झाल्या झाल्या, निदान दोन महिने आधी, शाकाहारी भारतीय जेवण लेखी कळवा, मग वरण-भात, भाजी होते. पंधरा जणांचं एक टेबल मिळत नाही, आठ आणि सात अशी शेजारची दोन टेबलं, रोज तीच आणि वाढणारी माणसंही तीच, असं मागा, आणि त्यासाठी सगळी बुकिंग एकमेकांना लिंक करून घ्या. मासे खाणाऱ्यांची तर चंगळ आहे, बर्गनच्या मासळीबाजारात जरूर जा. तिथला मॅकेरल आपल्या बांगड्याच्या कुळातलाच पण अंगाने मोठा आणि जास्त तेलकट. घरून नेताना सीलबंद कोरडं ते न्या, मेतकूट, लोणचं, आंबापोळी. दुधाचे पदार्थ, तूप, पेढे युरोपात नेता येत नाहीत आणि हापूस तर मुळीच नको, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, तुम्ही बागवाले असलात तरी. इंडक्शन, कॉइल बोटीवर चढवू देत नाहीत.

आता सासूबाईंची भीती, आणि ती बाजूला सारायची गोष्ट नाहीये. १७ जुलै १९४७ ला रामदास बुडाली, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना, भर पावसाळ्यात, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि त्या पिढीतल्या कोकणातल्या कुणाच्याही मनातून ते जात नाही. त्यांना समजावू नका, दाखवा. फ्योर्ड म्हणजे विजयदुर्गाला आत शिरणारी वाघोटणची खाडीच, फक्त दोन्ही काठांना हजार-हजार मीटरचे कडे, पाणी संथ. उघडा समुद्र लागतो तो जाताना-येताना, नॉर्थ सीमध्ये, तेव्हा बोट थोडी हलते, म्हणून त्यांची केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे सगळ्यात कमी हलतं. बोट निघायच्या आधी प्रत्येक प्रवाशाला लाइफजॅकेट आणि आपली जमायची जागा दाखवतात, ते सक्तीचं आहे. आणि लाइफबोटी नि तराफे मिळून बोटीवर जितकी माणसं त्यापेक्षा जास्त जागा ठेवावी लागते, आंतरराष्ट्रीय नियमच आहे तो. तरी मन घेत नसेल तर मुंबईहून गोव्याला जाणारी कॉर्डेलियाची छोटी क्रूझ हिवाळ्यात करून या, समुद्र शांत असतो आणि त्यांना खोली, जेवण, लिफ्ट सगळं डोळ्यांनी बघता येईल. तुमच्या आवाठात बोटीवर नोकरी केलेला कुणीतरी असणारच, त्याला घरी बोलवून सासूबाईंशी बोलायला बसवा, त्याच्या तोंडचं मालवणी त्यांना माझ्या लिहिण्यापेक्षा जास्त पटेल. आणि एवढं करूनही त्या नाही म्हणाल्या तर मात्र ओढून नेऊ नका.

एक राहिलं, काही बंदरात धक्का नसतो, मोठी बोट मधे उभी राहते आणि छोट्या बोटीने काठावर नेतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना चढतो-उतरतो तसं. व्हीलचेअर असेल तर तिथे उतरवत नाहीत कधीकधी. कार्यक्रम घेताना अशी बंदरं किती आहेत ते विचारा, एकापेक्षा जास्त असतील तर दुसरा कार्यक्रम बघा.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात नॉर्वेच्या क्रूझला जातोय. एजंटच्या जाहिरातीत हिरव्या प्रकाशाचे फोटो आहेत. नॉर्दर्न लाइट्स दिसतील ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही दिसणार. त्या प्रकाशाला काळोखी रात्र लागते आणि मेमध्ये तिकडे रात्र नीट काळी होतच नाही, उत्तरेला तर सूर्य मावळतही नाही. सप्टेंबर अखेर ते मार्च हा त्याचा काळ, ट्रॉम्सोच्या बाजूला. तुम्हाला तोच बघायचा असेल तर मेचं बुकिंग पुढे ढकलता येतं का बघा आणि दिवाळीच्या सुट्टीत उत्तरेकडची किनाऱ्यावरची बोट घ्या, तेव्हा तिकडे थंडी आणि अंधार दोन्ही भरपूर, आणि ढग नसले तर संधी चांगली. ज्यांनी मेच्या कार्यक्रमावर हिरवे फोटो छापलेत त्यांना हे लेखी विचारा, काय उत्तर देतात त्यावरून पुढचं बुकिंग त्यांच्याकडे करायचं की नाही ते कळेल.

प्रश्न : बाळ तेव्हा आठ महिन्यांचं असेल. क्रूझला घेतात का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : बहुतेक कंपन्या सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला घेतात, पण ज्या कार्यक्रमात सलग बरेच दिवस बोट समुद्रातच असते तिथे बारा महिन्यांची अट असते, म्हणून निघायच्या तारखेला बाळाचं वय किती भरतंय ते मोजून मगच पैसे भरा. मुलांचा क्लब साधारण तीन वर्षांपासून पुढे, त्यामुळे बाळ पूर्ण वेळ तुमच्याकडेच असेल हे धरून चला. डायपर घातलेल्या मुलांना स्विमिंग पूलमध्ये उतरवू देत नाहीत. पाळणा फुकट मिळतो पण बुकिंगच्या वेळी सांगावा लागतो. डायपर आणि नाचणी सत्त्व घरूनच पुरेसं न्या, बोटीवरच्या दुकानात मिळेलच असं नाही आणि मिळालं तर दुप्पट-तिप्पट किमतीला.